धुऱ्यावरचं जांभूळ म्हाताऱ्यांच्या वाट्याला येऊ द्या

धुरा साफ करायचा म्हणून जांभळाचं किंवा बोरीचं झाड तोडायला काढलं असेल, तर जरा थांबा, अशी माझी शेतकरी बंधूंना हात जोडून विनंती आहे. ‘झाडे लावा, झाडे जगवा’ हे आपण भिंतीवर वाचतो आणि पुढे निघून जातो. मी सांगणार आहे ते कारण वेगळं आहे. घरात साठी-सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल, तर त्या झाडाचं फळ त्यांच्या मेंदूच्या कामाचं आहे. आठवण राहणं, हिशेब जुळणं, बोलताना शब्द सापडणं, घरची वाट न चुकणं हे ज्या मेंदूवर चालतं, त्याला म्हातारपणी अशा फळांचा आधार मिळतो, असं सांगणारा अभ्यास गेल्या पंचवीस वर्षांत उभा राहिला आहे. तो अभ्यास परदेशी फळांवर झाला. पण त्या फळांत जे रंगद्रव्य आहे, तेच आपल्या जांभळात आहे.

मी चिखली तालुक्यातल्या उंद्रीची. आरोग्यसेविका म्हणून माझी नोकरी याच भागातल्या उपकेंद्रांमध्ये गेली. लसीकरण, बाळंतपणं, हिवताप, कुटुंबनियोजन या सगळ्यांची रजिस्टरं भरली. म्हाताऱ्यांच्या विसरण्यासाठी मात्र कोणत्याही रजिस्टरमध्ये रकाना नव्हता. गृहभेटीला गेलं की ते डोळ्यांना दिसायचं. कुणी आजोबा आपल्याच वावराची वाट चुकलेले असायचे, कुणी आजी नातवाला मुलाच्या नावाने हाक मारायची आणि दुरुस्त केलं तर रडायला लागायची. घरचे म्हणायचे, “वय झालं ना बाई आता, असंच व्हायचं.” साठी बुद्धी नाठी ही म्हण आपण इतक्या सहज म्हणतो की त्यापुढे विचारच खुंटतो. वय झाल्यावर थोडं विसरायला होतं, हे खरं आहे. पण रोजची कामं अडू लागणं हा आजार आहे, आणि तो सगळ्यांना होत नाही.

आमच्या घरात तो आत्याबाईंना झाला. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. उन्हाळ्यात सरगुंडे वळायला त्यांच्या हाताखाली आळीतल्या बाया बसायच्या. कणकेची लांब पट्टी काडीवर अशी गुंडाळायच्या की एकावर एक वेढा बसायचा नाही आणि मध्ये फटही राहायची नाही. एका उन्हाळ्यात त्यांनी काडी हातात घेतली, पट्टी घेतली आणि थांबल्या. पट्टी काडीला लावली, काढली, पुन्हा लावली. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “मले सांग वं, पहिला वेढा कुकडून घेतात?” आयुष्यभर ज्या बोटांनी ते काम डोळे झाकून केलं, त्या बोटांना सुरुवात सापडत नव्हती. पुढे वरणात दोनदा मीठ पडू लागलं, विकून टाकलेल्या बैलांना पाणी पाजलं का, असं रोज संध्याकाळी विचारणं सुरू झालं. शेवटची काही वर्षं त्या मला ओळखत नव्हत्या, पण मी हात धरला की शांत व्हायच्या.

आमचं घर काही एकटं नाही. भारतातल्या साठीपुढच्या माणसांमधल्या स्मृतिभ्रंशाचा देशव्यापी अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साठी ओलांडलेल्यांपैकी ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज निघाला, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरापेक्षा खेड्यात हे प्रमाण जास्त आढळलं. शंभर म्हातारी माणसं असलेल्या गावात सात-आठ जणांचं हे दुखणं आहे आणि त्यात बायका अधिक आहेत. शाळा कमी शिकलेल्या, उपाशीपोटी राबलेल्या, बीपी-शुगर कधी न मोजलेल्या बायका. या रोगाला पूर्ण बरं करणारं औषध आज नाही. म्हणून तो लांबवता कसा येईल, याला सगळ्यात जास्त महत्त्व आहे.

आता फळांकडे येते. अमेरिकेत बोस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठात जेम्स जोसेफ नावाच्या शास्त्रज्ञाने म्हाताऱ्या उंदरांना आठ आठवडे ब्लूबेरी, स्ट्रॉबेरी आणि पालकाचा अर्क घातलेला चारा दिला. १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. वयाने मंदावलेल्या उंदरांची स्मरणशक्ती सुधारली, आणि ब्लूबेरी खाणाऱ्यांचा तोलही सुधारला. उंदरावरून माणसाबद्दल बोलता येत नाही, म्हणून मग माणसांकडे बघितलं गेलं. तिथे परिचारिकांवरचा एक मोठा अभ्यास १९७६ पासून चालू आहे. त्यातल्या सत्तरीपुढच्या १६,०१० बायकांची स्मरणशक्ती दर दोन वर्षांनी फोनवर तपासली गेली आणि त्यांच्या खाण्याच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहिली गेली. २०१२ मध्ये निष्कर्ष आला. ब्लूबेरी आणि स्ट्रॉबेरी जास्त खाणाऱ्या बायकांचा मेंदू कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत अडीच वर्षांपर्यंत मागे होता, म्हणजे तेवढा कमी म्हातारा झाला होता. जास्त म्हणजे किती, तर आठवड्याला अर्धी वाटी ब्लूबेरी किंवा दोनदा अर्धी वाटी स्ट्रॉबेरी. मी स्वतः नर्सच्या पेशातली, म्हणून या अभ्यासाची मला विशेष आपुलकी वाटते. आपल्याच कामातल्या बायकांनी वर्षानुवर्षं प्रश्नपत्रिका भरून पाठवल्या, त्यातून हे हाती आलं.

२०२० मध्ये फ्रॅमिंगहॅम या गावच्या अभ्यासातून असंच काही पुढे आलं. सुमारे २,८०० लोकांवर वीस वर्षं लक्ष ठेवलं होतं. या फळांतलं रंगद्रव्य ज्यांच्या आहारात अगदी कमी होतं, त्यांना अल्झायमर आणि त्यासारखे आजार होण्याचा धोका भरपूर खाणाऱ्यांच्या चौपट दिसला. शिकागोच्या रश विद्यापीठातल्या मार्था क्लेअर मॉरिस यांनी २०१५ मध्ये मेंदूसाठीचा ‘माइंड’ नावाचा आहार मांडला. त्यात हिरव्या पालेभाज्या, अख्खं धान्य, कडधान्यं, दाणे-बदाम होते. फळांमध्ये त्यांनी एकाच जातीचं नाव घातलं, ते म्हणजे बेरी, आठवड्यातून दोनदा तरी. त्यांनी तपासलेल्या ९२३ वृद्धांमध्ये हा आहार काटेकोर पाळणाऱ्यांना अल्झायमरचा धोका ५३ टक्के कमी आढळला.

इथपर्यंत वाचून कुणी लगेच बाजारात धावू नये. याच आहाराची पुढे कसून परीक्षा झाली. ६०४ माणसं घेतली, निम्म्यांना माइंड आहार दिला, निम्म्यांना त्यांचाच नेहमीचा आहार थोडा कमी करून खायला सांगितला, आणि तीन वर्षांनी दोघांची तुलना केली. २०२३ मध्ये निकाल लागला. स्मरणशक्ती दोन्ही गटांची थोडी सुधारली, दोघांमध्ये ठळक फरक नव्हता. मॉरिसबाई २०२० मध्येच गेल्या, त्यांना हा निकाल पाहता आला नाही. आरोग्याच्या क्षेत्रात काम केलेली बाई म्हणून मला हा निकाल लपवायचा नाही. फळं खाणारी माणसं बहुधा बाकीही नीट जगतात, चालतात, शिकलेली असतात, दवाखान्यात वेळेवर जातात. त्यामुळे किती श्रेय फळाचं आणि किती बाकीच्या जगण्याचं, हे वेगळं काढणं अवघड आहे. शिवाय पंधरा-वीस वर्षांत हळूहळू घडणारा आजार तीन वर्षांच्या परीक्षेत पुरता पकडता येत नाही. म्हणून माझं म्हणणं मोजकं आहे. फळ हे औषध नाही. पण कमी खर्चाची, चवीची आणि अंगाला इतर बाजूंनीही चांगली अशी ही सवय आहे. ती मेंदूला राखत असण्याची शक्यता बरीच आहे. असं असताना ती सोडणं शहाणपणाचं नाही.

ही फळं करतात काय, हे थोडक्यात सांगते. जांभळ्या-काळ्या-लाल फळांच्या रंगात अँथोसायनिन नावाची द्रव्यं असतात. आपल्या मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराच्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. हा पुरवठा अत्यंत बारीक रक्तवाहिन्यांमधून होतो. विहिरीला कितीही पाणी असलं तरी पाट गाळाने भरले की टोकाचं पीक आधी वाळतं, तसंच या वाहिन्या ताठरल्या की मेंदूचे कोपरे उपाशी राहतात. अँथोसायनिनं आणि आतड्यातल्या जिवाणूंनी त्यांची केलेली लहान-लहान द्रव्यं रक्तवाहिन्या सैल ठेवायला मदत करतात, सूज कमी करतात. इंग्लंडमध्ये २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पोट सुटलेल्या, शुगर-बीपीच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी सहा महिने रोज वाटीभर ब्लूबेरी खाल्ली, आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांचं काम सुधारलं. मेंदूचं बरंचसं भलं या वाटेनेच होत असावं.

आता मुद्दा आपल्या धुऱ्याचा. ब्लूबेरी आपल्याकडे पिकत नाही. शहरातल्या मॉलमध्ये ती एवढ्याशा प्लास्टिकच्या डबीत मिळते आणि तिची किंमत ऐकून उंद्रीच्या बाईने पदर तोंडाला लावावा अशी असते. तिच्या रंगातली डेल्फिनिडिन, पेट्युनिडिन, माल्व्हिडिन ही अँथोसायनिनं आपल्या जांभळातही आहेत. मृगाचे पहिले शिंतोडे पडतात तेव्हा नाल्याकाठच्या झाडाखाली जो सडा पडतो, गाड्यांची चाकं ज्याच्यावरून जातात आणि ज्याचे डाग निघत नाहीत म्हणून आपण पोरांना रागावतो, तो डाग याच द्रव्यांचा. मोठमोठे अभ्यास ब्लूबेरी-स्ट्रॉबेरीवर झाले, कारण ज्या देशांनी पैसा घातला त्यांच्या शेतात ती फळं होती. आपल्या शेतातल्या फळांवर पैसा आपण घालायचा आहे.

जांभळाच्या जोडीला आणखी एक वस्तू आपल्याकडे आहे, ती म्हणजे अंबाडी. हिवाळ्यात लाल अंबाडीची बोंडं येतात, त्यांची चटणी आणि शरबत वऱ्हाडात घरोघर होतं. त्या लाल पाकळ्यांमध्येही भरपूर अँथोसायनिन असतं. टफ्ट्स विद्यापीठातच २०१० मध्ये बीपी थोडं वाढलेल्या ६५ माणसांवर एक चाचणी झाली. ज्यांनी सहा आठवडे रोज तीन कप अंबाडीच्या बोंडांचा काढा घेतला, त्यांचं वरचं बीपी सरासरी सात अंकांनी उतरलं. नुसतं रंगाचं पाणी घेतलेल्यांचं जेमतेम एक अंकाने. मध्यमवयातलं वाढलेलं बीपी हे म्हातारपणी स्मृती जाण्याचं एक पक्कं कारण आहे, हे लक्षात घेतलं तर या चटणीकडे आपण वेगळ्या नजरेने बघू. मीठ मात्र बेताचं घाला, नाहीतर एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखं होईल.

बोराचा रंग जांभळा नाही, पण त्यात क जीवनसत्त्व भरपूर असतं. आवळ्यात तर त्याहून जास्त. काळी द्राक्षं, तुती, डाळिंबाचे दाणे, जांभळ्या वांग्याची साल, लाल कांदा यांतही अँथोसायनिनं किंवा त्यांच्या भावकीतली द्रव्यं आहेत. म्हणून पंचांगासारखं लावून घ्या. जून-जुलैत जांभूळ, दिवाळीनंतर आवळा, हिवाळ्यात अंबाडीची बोंडं, संक्रांतीला बोरं, फेब्रुवारी-मार्चला काळी द्राक्षं. मधल्या महिन्यांत वांगं, कांदा आणि पालेभाजी आहेच. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, जवसाची चटणी, मूठभर शेंगदाणे आणि त्यावर हंगामाचं फळ. शिकागोच्या बाईंनी जो आहार कागदावर मांडला, त्यातलं पुष्कळसं आपल्या चुलीवर आधीपासून आहे. त्यात फक्त फळ कमी पडतं, आणि ते सगळ्यात कमी म्हाताऱ्यांना मिळतं.

या गोष्टीचा मला फार त्रास होतो. बोरं संक्रांतीच्या सुगडात जातात, बोरन्हाणाला पोरांच्या डोक्यावर पडतात, शाळेच्या दारात विकली जातात. घरात फळ आलं की पहिला वाटा लेकरांचा, मग कमावत्या माणसाचा. म्हातारी म्हणते, “मले काय करायचं आता, पोराईले द्या.” आणि आपण ते खरं मानतो. तिला दात नसतात, बोर चावत नाही, हेही कुणाच्या ध्यानात येत नाही. बोरं उकडून द्या, बिया काढून कुस्करा, सुकवलेल्या बोरांचं बोरकूट करा. जांभूळ तर नुसतं जिभेने दाबलं तरी विरघळतं. आठवड्यातून दोन-तीनदा एक मूठ, एवढंच मी मागते आहे. ते हातात ठेवताना दोन मिनिटं शेजारी बसलात, तर त्याचाही गुण येतो.

हे मी उगाच म्हणत नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांनी २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणं मांडली. ती सगळी दूर करता आली, तर जगातले सुमारे ४५ टक्के रुग्ण टळतील किंवा त्यांचा आजार लांबेल, असा त्यांचा हिशेब आहे. त्यात कमी शिक्षण, ऐकू कमी येणं, दिसायला कमी येणं, बीपी, शुगर, वाढलेलं कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, धूम्रपान, दारू, डोक्याला मार, खिन्नता, हालचाल नसणं, प्रदूषित हवा आणि एकटेपणा आहे. आपल्या गावाच्या नजरेने ही यादी वाचा. मोतीबिंदू पिकून वर्षं झाली तरी डोळा न केलेली आजी. कानात मशीन घालायला लाज वाटते म्हणून चावडीवर यायचं सोडलेले आजोबा. बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी बंद केलेले काका. या तिघांना टोपलीभर जांभळं खाऊ घातली तरी भागणार नाही. आधी डोळा, कान आणि गोळी. उपकेंद्रात तिशीपुढच्या प्रत्येकाचं बीपी आणि शुगर फुकट तपासतात, तिथे म्हाताऱ्यांना हात धरून न्या.

इथे एक ताकीद द्यायलाच हवी. जांभळाच्या बियांची पूड घेऊन शुगरची गोळी सोडणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांचे पाय काळे पडलेलेही पाहिले आहेत. फळ ताटात, गोळी वेळेवर, या दोन्ही गोष्टी सोबत चालतात. एकीने दुसरीची जागा घेऊ नये. बेरीचा अर्क, बेरीचं ज्यूस, बेरीच्या गोळ्या असं लिहिलेल्या बाटल्यांवर पैसा घालू नका, त्यात बरेचदा फळापेक्षा साखर जास्त असते. आणि शेजारच्या कपाशी-सोयाबीनवर फवारणी झाली असेल, तर त्या धुऱ्यावरचं फळ तेवढे दिवस तोडू नका. नेहमीही चांगलं धुऊनच द्या.

झाड तोडणाऱ्याची बाजू मला ठाऊक आहे, मीही शेतकऱ्याच्याच घरातली आहे. सावलीखाली सोयाबीन बसतं. ट्रॅक्टर वळत नाही. भावाभावांत वाटणी झाली की धुऱ्यावरचं झाड कुणाचं, यावरून पोलीस पाटलापर्यंत जावं लागतं, त्यापेक्षा तोडलेलं बरं असं दोघंही ठरवतात. फळ पिकलं की वांदरं येतात. रस्ते रुंद झाले तशी कडेची जुनी झाडंही गेली. या अडचणी खऱ्या आहेत. पण जांभळाचं रोप बीपासून लावलं तर फळ धरायला आठ-दहा वर्षं जातात, कलम लावलं तरी चार-पाच. आज सकाळी जेसीबीने जे पाडलं, ते परत मिळेपर्यंत घरातला म्हातारा राहीलच याची खात्री नाही. म्हणून आहे ते झाड आधी राखा. फांद्या छाटून सावली कमी करता येते. वाटणीच्या कागदावर फळ निम्मं-निम्मं असं लिहिता येतं. नवी झाडं पिकाला अडणार नाहीत अशी लावता येतात, नाल्याच्या काठाला, विहिरीजवळ, गावठाणात, शाळेच्या कुंपणाला, मंदिराच्या मागे.

लागवडीला सरकारचा पैसाही आहे. राज्य सरकारची फळबाग योजना २०१८ पासून आपल्या खामगावच्या भाऊसाहेब फुंडकरांच्या नावाने चालते, आणि तिच्या फळझाडांच्या यादीत जांभूळ, आवळा आणि चिंच आहे. अनुदान तीन वर्षांत हप्त्याहप्त्याने मिळतं. पालघरच्या बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या गावाची जांभळं नावाने विकली जातात. आपल्याकडे जांभूळवाली बाई सकाळी एसटी स्टँडवर टोपली घेऊन बसते आणि दुपारपर्यंत माल मऊ पडला की मिळेल त्या भावाने देऊन मोकळी होते. तिच्याकडून जांभूळ विकत घेणारा माणूस त्या झाडाला जगायचं कारण देतो. फळाला भाव आला की कुऱ्हाड आपोआप लांब जाते.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडून माझी एक मागणी आहे. आपल्या भागातल्या जांभळांचे, बोरांचे आणि लाल अंबाडीचे वाण गोळा करा, कोणत्या झाडाच्या फळात काय किती आहे ते मोजा, आणि जास्त गुणाच्या झाडांची कलमं गावोगाव द्या. वैद्यकीय महाविद्यालयांनी पुढचं पाऊल उचलावं. खेड्यातली म्हातारी माणसं घ्यावीत, हंगामभर जांभूळ किंवा अंबाडी द्यावी, बीपी, शुगर आणि स्मरणशक्ती तपासावी, आणि काय निघेल ते मराठीत छापावं. नाही उपयोग झाला तर तेही छापावं. अमेरिकेतल्या नर्सेसनी जे केलं, ते आमच्या आशाताई आणि अंगणवाडीताई का करू शकणार नाहीत? घराघरातलं खाणं आणि घराघरातलं दुखणं त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही.

आणि गावाकडून माझ्या तीन मागण्या आहेत, त्या मी येत्या ग्रामसभेत लेखी देणार आहे. पहिली, गावठाण, गायरान, शाळा आणि नाल्याकाठच्या जांभूळ, बोर, आवळा, चिंच या झाडांची मोजणी करून नोंद ठेवावी, आणि ग्रामसभेला विचारल्याशिवाय त्यातलं एकही तोडू नये. दुसरी, या सार्वजनिक झाडांचं फळ उतरलं की त्यातला ठरलेला वाटा एकट्या राहणाऱ्या आणि निराधार म्हाताऱ्यांच्या घरी पोहोचवावा, ते काम बचत गटाच्या बाया आनंदाने करतील. तिसरी, महिन्यातून एक दिवस साठीपुढच्या सगळ्यांनी एकत्र बसावं, तिथे बीपी-शुगर तपासावी, डोळे-कान बघावेत, विसरण्याबद्दल उघड विचारावं आणि रजिस्टरमध्ये त्याचा रकाना आखावा. त्या रजिस्टरचं पहिलं पान भरून द्यायला मी तयार आहे, पगाराशिवाय.